वाचनालयातली चेटकीण आणि परिपाठातले श्लोक: शाळेने नेमकं काय करायचं?

दाखलनोंद (प्रश्न)

नमस्कार मंडळी. लालबाग-परळ भागातल्या एका अनुदानित मराठी माध्यमाच्या शाळेसाठी विचारते आहे. पाचवी ते दहावीचे वर्ग. संस्था खासगी, मान्यता आणि पगाराचं अनुदान शासनाचं. पालक-शिक्षक संघाच्या येत्या बैठकीपुढे तीन अर्ज आहेत.

१) ग्रंथालयातली हॅरी पॉटरची मराठी भाषांतरं आणि चेटकीण, वेताळ, हडळ असलेली सगळी गोष्टींची पुस्तकं काढून टाकावीत. कारण म्हणून दोन गोष्टी लिहिल्यात: धर्माला धक्का आणि जादूटोणाविरोधी कायदा.

२) परिपाठात रोज मनाचे श्लोक आणि गीतेचा बारावा अध्याय सर्व वर्गांकडून म्हणून घ्यावा, तोंडी परीक्षेत त्याला गुण द्यावेत.

३) दुसरा अर्ज मान्य होणार असेल तर आमच्या मुलांना त्यातून वगळावं, असं दोन कुटुंबांनी लिहिलंय. एक ख्रिस्ती, एक बौद्ध.

मुख्याध्यापकांना लेखी टिपण द्यायचं आहे. कुठला नियम कुठे लागतो, पुस्तकावरच्या हरकतीचा निर्णय कसा घ्यायचा आणि कागदोपत्री काय ठेवायचं एवढंच हवंय. धर्म चांगला की वाईट यावर चर्चा नको, ती घराघरांत चालूच आहे.

---

कलमदान

ताई, आधी शाळेचा प्रकार ठरवा, कारण संविधानाचं कलम २८ शाळेच्या प्रकारानुसार वेगवेगळं लागू होतं.

पूर्णपणे शासनाच्या पैशावर चालणारी संस्था असेल, उदाहरणार्थ महापालिकेची शाळा, तर २८(१) लागतं. तिथे धार्मिक शिक्षण द्यायचंच नाही. सगळ्या पालकांनी सह्या करून मागितलं तरी नाही. तुमची शाळा खासगी संस्थेची, मान्यताप्राप्त आणि अनुदानित, म्हणून तुम्हाला २८(३) लागतं. धार्मिक शिक्षणात किंवा उपासनेत कुणालाही संमतीशिवाय भाग घ्यायला लावता येत नाही. विद्यार्थी अल्पवयीन असेल तर त्याच्या पालकाची संमती लागते.

इथे बहुतेक शाळा गडबड करतात. सूचना काढतात की ‘ज्यांना नको असेल त्यांनी अर्ज करावा’. कलमाचा रोख बरोबर उलटा आहे. ज्यांना हवं आहे त्यांची संमती आधी यायला हवी, आणि गप्प बसलेला पालक म्हणजे संमती दिलेला पालक नव्हे. त्यामुळे तिसऱ्या अर्जातल्या दोन कुटुंबांना काही मागायचीच गरज नव्हती. शाळेनेच संमतीपत्र द्यायचं, आणि ज्यांचं भरून परत आलं नाही त्यांच्या मुलांना त्या वेळेत दुसरं काम द्यायचं. ‘दुसरं काम’ म्हणजे व्हरांड्यात उभं करणं नव्हे. ग्रंथालयात वाचन, रोपांना पाणी, फलकलेखन, काहीही चालेल, पण ते शिक्षा वाटू नये. गुणांची मागणी तर सोडूनच द्या. ज्यात भाग न घेण्याचा हक्क आहे त्याला गुण दिले की तो हक्क कागदावरच उरतो.

आता ‘धार्मिक शिक्षण’ कशाला म्हणायचं? संविधान सभेत ७ डिसेंबर १९४८ रोजी यावर चर्चा झाली तेव्हा संस्कृत शिकवायचं की नाही अशी शंका निघाली होती. डॉ. आंबेडकरांनी उत्तरात अभ्यास किंवा संशोधन वेगळं आणि मतप्रणालीची शिकवण वेगळी, असा स्पष्ट फरक केला. सर्वोच्च न्यायालयाने हीच वाट धरली. १९७१ च्या डी.ए.व्ही. कॉलेजच्या खटल्यात गुरू नानकांच्या जीवनाचा आणि शिकवणुकीचा अभ्यास म्हणजे धार्मिक शिक्षण नाही असं ठरलं. २००२ च्या अरुणा रॉय खटल्यात धर्मांविषयी माहिती देणं आणि धर्माचं शिक्षण देणं यांत भेद केला गेला. म्हणून मराठीच्या तासाला जनाबाईंचा अभंग शिकवायला कुणाची संमती लागत नाही. तोच अभंग सकाळी हात जोडून रोज म्हणायला लावला तर प्रश्न उभा राहतो.

हात जोडण्यावरूनसुद्धा खटला झालेला आहे. नाशिक जिल्ह्यातल्या अनुदानित शाळेतल्या एका शिक्षकांनी प्रार्थनेत हात जोडायला नकार दिला, त्यांची वेतनवाढ अडली आणि २०१३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. त्याआधी १९८६ चा केरळचा बिजो इमॅन्युएल खटला आहे. राष्ट्रगीताला आदराने उभी राहणारी, पण धर्मश्रद्धेमुळे न गाणारी तीन मुलं शाळेतून काढली होती. सर्वोच्च न्यायालयाने त्यांना परत घ्यायला लावलं. टिपणात हे दोन्ही निकाल घाला, बैठक लवकर आटपेल.

दुसऱ्या अर्जाचा मजकूर कुठून आला असावा याचाही अंदाज आहे. २०२४ च्या मे महिन्यात राज्याच्या शालेय अभ्यासक्रम आराखड्याचा मसुदा आला होता. त्यात पाठांतराच्या संदर्भात तिसरी ते पाचवीला मनाचे श्लोक १ ते २५, सहावी ते आठवीला २६ ते ५० आणि नववी ते बारावीला गीतेचा बारावा अध्याय असं सुचवलेलं होतं. मसुदा हा मसुदा असतो. त्याच्या आधारावर शाळा सक्ती करू शकत नाही.

आता जादूटोण्याचा कायदा. डॉ. दाभोलकरांच्या खुनानंतर ऑगस्ट २०१३ मध्ये अध्यादेश निघाला आणि त्याच वर्षअखेरीस विधिमंडळाने कायदा केला. तो अनुसूचीतल्या कृत्यांना लागतो: भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण, करणी किंवा चेटूक केल्याचा आळ घेऊन कुणाचं जगणं मुश्कील करणं, चमत्कार दाखवून पैसे उकळणं, नरबळी वगैरे. शिक्षा ६ महिने ते ७ वर्षं आणि दंड ५,००० ते ५०,००० रुपये. गोष्टीतल्या चेटकिणीने राजपुत्राचा बेडूक केला तर अनुसूचीतलं कुठलंच कृत्य घडत नाही.

पण एका ठिकाणी हुशार पालक बोट ठेवतील, त्याची तयारी करा. कायद्यात ‘प्रचार’ या शब्दाची व्याख्या रुंद आहे आणि तिच्यात अशा प्रथांविषयीचं साहित्य, लेख, पुस्तक प्रसिद्ध करणंही येतं. ती सुटी वाचली तर अंधश्रद्धा निर्मूलनाची पुस्तकंही गुन्ह्यात बसतील, म्हणजे तशी ती वाचायची नसते. अनुसूचीतल्या कृत्यांना प्रोत्साहन आणि साहाय्य, या अर्थाने ती वाचायची. शिवाय कायद्याने काही गोष्टी स्वतःहून बाहेर ठेवल्यात: प्रदक्षिणा, यात्रा, हरिकथा, कीर्तन, प्रवचन, भजन, दिवंगत संतांच्या चमत्कारांविषयीचं साहित्य. आणि या कायद्याखाली तक्रार ऐकणारा दक्षता अधिकारी पोलीस निरीक्षकाच्या दर्जाचा असतो, शाळेचा ग्रंथपाल नव्हे. ज्यांना खरंच गुन्हा घडलाय असं वाटतं त्यांनी पोलीस ठाण्यात जावं. शाळेने त्या कायद्याच्या नावाने कपाटाला कुलूप लावू नये.

---

घाटकोपर पूर्व

@कलमदान, एक खोच. पगार शंभर टक्के शासन देतं, मग ही शाळा ‘पूर्णपणे शासनाच्या पैशावर’ का नाही?

---

कलमदान

वेतन-अनुदान शंभर टक्के असलं तरी इमारत, व्यवस्थापन आणि इतर खर्चाचा भार संस्थेवर असतो. शिवाय २८(३) मध्ये ‘राज्याच्या निधीतून साहाय्य घेणाऱ्या’ संस्था वेगळ्या नमूद केल्या आहेत. अनुदानित शाळा २८(१) मध्ये ढकलल्या तर त्या शब्दांना कामच उरत नाही. आणि अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांनाही २८(३) लागतं, हेही लक्षात ठेवा. कलम ३० ने शाळा चालवण्याचा हक्क मिळतो, दुसऱ्याच्या मुलाला प्रार्थनेला बसवण्याचा नाही.

---

पुस्तकपेटी

कायद्याचं झालं. आता ग्रंथालयाची बाजू, कारण खरी हाणामारी तिथेच होते.

हरकत आलेलं पुस्तक निर्णय होईपर्यंत कपाटातच राहायला हवं. ‘तूर्तास बाजूला ठेवू’ म्हणून मुख्याध्यापकांच्या खोलीत गेलेलं पुस्तक परत आल्याचं सहसा ऐकिवात येत नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात शाळेला ग्रंथालय हवं आणि त्यात वर्तमानपत्रं, नियतकालिकं, सर्व विषयांची पुस्तकं आणि गोष्टींची पुस्तकंही हवीत असं स्पष्ट लिहिलंय. गोष्टींची पुस्तकं म्हणजे ग्रंथपालाची हौस आहे असं कुणी म्हटलं तर हे दाखवा. हा निकष पहिली ते आठवीच्या शिक्षणासाठी आहे, तुमचे पाचवी ते आठवीचे वर्ग त्यात येतात.

हरकतीचा अर्ज एका पुस्तकाला एक असाच घ्या. ‘चेटकीण असलेली सगळी पुस्तकं’ हा अर्ज परत करा, कारण त्यावर निर्णयच घेता येत नाही. नमुन्यात एवढे रकाने पुरतात: पुस्तकाचं नाव, लेखक, दाखल क्रमांक, अर्जदाराचं मूल कुठल्या इयत्तेत, पुस्तक पूर्ण वाचलं का (हो/नाही), नेमकी कुठल्या पानांवर हरकत, त्या पानांमुळे काय होईल असं वाटतं, आणि काय हवंय: फक्त माझ्या मुलाला देऊ नये, वरच्या वर्गांपुरतं ठेवावं, की काढून टाकावं. शेवटच्या रकान्यातच अर्धी प्रकरणं मिटतात. बहुतेकांना स्वतःच्या मुलापुरतीच काळजी असते आणि ती सोय वाचककार्डावर एका ओळीत होते. तो त्यांचा हक्कही आहे. दुसऱ्याच्या मुलाचं कार्ड मात्र त्यांचं नाही.

समिती पाच जणांची ठेवा: मुख्याध्यापक किंवा पर्यवेक्षक, ग्रंथपाल, भाषेचा एक शिक्षक, दोन पालक. अर्जदार पालक समितीत नको. प्रत्येकाने पुस्तक पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचायचं आणि वाचल्याची सही करायची. तीन आठवडे मुदत पुरे. जाडजूड पुस्तकाची एकच प्रत असेल तर आळीपाळीने वाचण्यात महिना जातो, म्हणून आधीच दोन-तीन प्रती मिळवून ठेवा. निर्णय लेखी, कारणांसह, आणि तेच पुस्तक पुढची तीन वर्षं पुन्हा समितीपुढे येणार नाही असा नियम. नाहीतर दर जूनमध्ये नवा पालक, तीच पानं.

यात काय बिघडतं? सगळ्यात जास्त बिघडवतो तो व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा एका पानाचा फोटो. संदर्भातून तोडलेल्या पानावर चेटकीण जिंकलेली असते आणि पुढच्याच पानावर ती विहिरीत पडलेली असते. दुसरं म्हणजे समितीतले लोक न वाचता मत देतात. तिसरं, ‘पालकाची चिठ्ठी आणली तरच पुस्तक देऊ’ ही तडजोड. दिसायला ती शहाणपणाची वाटते, म्हणून तिच्याबद्दल जरा सविस्तर सांगतो.

अमेरिकेत आर्कान्सा राज्यातल्या सीडरव्हिल गावात २००२ मध्ये हेच झालं. पालकाची हरकत आली, ग्रंथालय समितीने हॅरी पॉटर ठेवण्याचा निर्णय दिला, तरी शाळा मंडळाने ३ विरुद्ध २ मतांनी ती पुस्तकं उघड्या कपाटातून काढली आणि पालकाच्या लेखी परवानगीशिवाय द्यायची नाहीत असं ठरवलं. २००३ मध्ये संघीय न्यायालयाने पुस्तकं परत उघड्यावर ठेवायला सांगितलं. पुस्तकांमुळे शाळेत काही गोंधळ झाल्याचा पुरावा मंडळाला देता आला नाही. आणि चिठ्ठीची अट हाच वाचनावरचा बोजा ठरला, कारण ‘हे वाईट पुस्तक आहे’ असा शिक्का त्यातून बसतो. तो निकाल आपल्याकडे बंधनकारक नाही. चिठ्ठीची गोम मात्र दोन्हीकडे सारखीच.

दाखल नोंदवहीचा मुद्दा विसरू नका. अनुदानातून घेतलेलं पुस्तक ही शाळेची मालमत्ता. ते काढायचं तर निर्लेखन, म्हणजे नोंदवहीतून रीतसर वगळणं, करावं लागतं आणि तिथे कारण लिहावं लागतं: जीर्ण, फाटकं, गहाळ, कालबाह्य. ‘चेटकीण आढळली’ असं कारण लिहून तपासणीला सामोरं जायची कुणाची तयारी असेल तर बघा बुवा.

आणि काढायला बसलात तर थांबणार कुठे? वेताळ पंचविशी जाईल, चांदोबाचे जुने अंक जातील, ‘किशोर’च्या १९७१ पासूनच्या अंकांतल्या निम्म्या परीकथा जातील. पोथ्यांचं काय करणार? नवनाथ भक्तिसाराचे चाळीस अध्याय घराघरात वाचले जातात. त्यात चिखलाच्या पुतळ्यात संजीवनी मंत्राने जीव येतो आणि गहिनीनाथ जन्मतात. मंत्रविद्या हाच निकष लावला तर पहिल्यांदा ही पोथी बाहेर पडेल, आणि हे अर्जदारालाही नको असणार.

माझी खरी हरकत वेगळीच आहे, ती समितीच्या टिपणात जरूर यावी. मुलांच्या गोष्टीत चेटकीण कायम एकटी, म्हातारी आणि कुरूप बाई असते. सातपुड्यात आजही ‘डाकीण’ ठरवून बायांना छळल्याच्या घटना होतात. पुस्तक काढून हे सुटत नाही. ते वाचल्यावर वर्गात प्रश्न विचारला तर थोडंफार सुटतं: हिला चेटकीण कोण म्हणालं? पुरावा काय होता? तिची बाजू कुणी ऐकली?

---

वसईवाला

ख्रिस्ती पालकांच्या बाजूने थोडं. तिसऱ्या अर्जात त्यांचं एक कुटुंब आहे, आणि पहिल्या अर्जासारखी हरकत आमच्याकडूनही येऊ शकते.

पवित्र शास्त्रात चेटूक निषिद्ध आहे हे खरं. अनुवाद १८:१०-१२ मध्ये शकुन पाहणं, जादू, मंत्रतंत्र, मृतांना विचारणं या सगळ्याला मनाई आहे. कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथाच्या परिच्छेद २११५ ते २११७ मध्ये भविष्य पाहणं आणि जादूटोणा नाकारलाय. पण ही मनाई करण्याला आहे, गोष्ट वाचण्याला नाही. वाचण्यालाच असती तर १ शमुवेल २८ वा अध्याय वाचता आला नसता. त्यात शौल राजा वेष पालटून एनदोरच्या भूतविद्या जाणणाऱ्या बाईकडे जातो. अर्जदार पालक ख्रिस्ती असतील तर त्यांच्याशी बोलताना हा अध्याय समोर ठेवा. वाद घालायला नव्हे, तर ग्रंथात एखादी गोष्ट असणं आणि ग्रंथाने ती शिकवणं यातला फरक त्यांना त्यांच्याच ग्रंथातून दिसावा म्हणून. कुराणातही (२:१०२) जादू शिकण्याचा उल्लेख निषेधासाठीच येतो.

दुसरी बाब सोयीची. कॅथलिक संस्थांच्या शाळांत कॅथलिक मुलांना धर्मशिक्षणाचा तास आणि त्याच वेळी बाकीच्यांना मूल्यशिक्षण, ही पद्धत बरीच रुळलेली आहे. दोन्ही तास एकाच वेळी, दोन्हीकडे शिक्षक, दोन्हीकडे हजेरी. तुमच्याकडे श्लोकपठण ऐच्छिक ठेवायचं ठरलं तर हीच रचना उचला. परिपाठात मात्र ती जमत नाही, कारण परिपाठ सगळ्यांचा एकत्र असतो आणि तिथून बाजूला झालेलं मूल सगळ्या शाळेला दिसतं. मधल्या सुट्टीत किंवा शाळा सुटल्यावर ठेवा.

अमेरिकेतला १९६३ चा शेंप खटला नेमका याच मुद्द्यावरचा. पेनसिल्वेनियात शाळा सुरू होताना बायबलमधली किमान दहा वचनं कुठलीही टिप्पणी न करता वाचायचा कायदा होता, आणि पालकाने लिहून दिलं तर मुलाला सूटही होती. तरी न्यायालयाने ते रद्द केलं, सूट असूनही ते टिकलं नाही. त्याच निकालात असंही म्हटलंय की बायबलचा साहित्य आणि इतिहास म्हणून वस्तुनिष्ठ अभ्यास करायला हरकत नाही. आपलं २८(३) संमतीला जागा देतं, तिथे दिली नाही, हा फरक टिपणात नीट लिहा, नाहीतर बैठकीत कुणीतरी ‘अमेरिकेत बंदी आहे’ म्हणून वेगळंच भांडण काढेल.

---

फळा-खडू

दुसऱ्या अर्जातल्या पालकांना रिकाम्या हाताने परत पाठवू नका. मुलांनी जुने ग्रंथ वाचावेत ही इच्छा रास्त आहे, पठणाची सक्ती तेवढी नाही. मराठीच्या तासाला हे सगळं करता येतं, आणि अभ्यासक्रमात ते आहेही. २०१७ पासूनच्या नववीच्या कुमारभारतीत जनाबाईंचा ‘धरिला पंढरीचा चोर’ आहे, दहावीच्या पुस्तकात नामदेव आणि एकनाथ आहेत.

आठवी-नववीसाठी ३५ मिनिटांचा तास असा बसतो. एका कागदावर चार उतारे छापा. गीता १२.१३ ‘अद्वेष्टा सर्वभूतानां मैत्रः करुण एव च’. त्यावरची ज्ञानेश्वरीतली ओवी, ‘जो सर्व भूतांच्या ठायीं । द्वेषातें नेणेंचि कांहीं’. विनोबांच्या गीताईतला त्याच श्लोकाचा अनुवाद. आणि चौथा उतारा मत्तय ५:४३-४४, शत्रूंवर प्रीती करा हा. बौद्ध पालक असतील तर धम्मपदातली पाचवी गाथा, वैराने वैर शमत नाही ही, पाचवा उतारा म्हणून घ्या. यापेक्षा जास्त उतारे घेऊ नका, तास पुरत नाही.

पहिली सात-आठ मिनिटं शिक्षकाने मोठ्याने वाचायचं, बसूनच, चपला काढायला लावायच्या नाहीत, दिवा लावायचा नाही. मग शब्दार्थ. ज्ञानेश्वरीतल्या ‘नेणें’ला मुलं हमखास अडतात, तिथे वेळ द्या. मग गटांत दोन प्रश्न: कोण कुणाला सांगतंय, आणि द्वेष का नको याचं कारण प्रत्येक उताऱ्यात काय दिलंय? कारणं वेगवेगळी निघतात आणि तासाचा जीव तिथेच आहे. शेवटच्या पाच मिनिटांत ‘या सगळ्यांचं म्हणणं एकच आहे’ असं सांगून तास गुंडाळायचा मोह होतो. तो टाळा, कारण ते खरं नाही आणि मुलांना ते कळतं.

मनाचे श्लोक घ्यायचे तर वृत्तासाठी घ्या. भुजंगप्रयात शिकवायला यापेक्षा सोपी जागा नाही: चरणात १२ अक्षरं, चार य-गण, म्हणजे लघु-गुरु-गुरु चार वेळा. ‘गणाधीश जो ईश सर्वां गुणांचा’ फळ्यावर लिहून मुलांकडून मात्रांच्या खुणा करून घ्या. बहुतेक मुलं ‘सर्वां’मधला ‘स’ लघु धरतात, कारण पुढच्या जोडाक्षरामुळे तो गुरु होतो हे विसरतात. ओवीसाठी ज्ञानेश्वरीसोबत फादर थॉमस स्टीफन्स यांचं क्रिस्तपुराण जरूर ठेवा. गोव्यात राशोलला १६१६ मध्ये छापलेलं, बायबलमधल्या कथा ओव्यांत सांगणारं. ‘जैसी हरळांमाजी रत्नकिळा’ ही मराठीची थोरवी तिथलीच. ख्रिस्ती मुलालाही वर्गात आपलं काही सापडतं, आणि बाकीच्यांना ओवी एकाच परंपरेची मिरास नाही हे दिसतं.

परीक्षेत काय विचारायचं? वृत्त ओळखा, ओळीचा अर्थ सांगा, दोन उताऱ्यांतला फरक लिहा. ‘या श्लोकातून तुम्ही कोणता गुण अंगी बाणवाल’ हा प्रश्न नको. तिथे अभ्यास संपतो आणि उपदेश सुरू होतो.

चेटकिणीच्या पुस्तकाला विज्ञानाच्या सरांची जोड द्या. पाव चमचा हळद अर्धा कप पाण्यात कालवून टिपकागदाला लावा, वाळवा. खायचा चुना पाण्यात ढवळून अर्धा तास ठेवा आणि वरचं नितळ पाणी घ्या. त्याचा थेंब पडला की पिवळा कागद तांबडा, लिंबाचा थेंब टाकला की पुन्हा पिवळा. लिंबातून ‘रक्त’ काढणारे बुवा अशाच रंगबदलावर पोट भरतात. चुना जुना, उघडा पडलेला असला तर प्रयोग फसतो: हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून त्याचा खडू झालेला असतो. चुन्याचं पाणी डोळ्यांत जाऊ देऊ नका. पोटॅशियम परमँगनेट आणि ग्लिसरीन वापरून ‘मंत्राने अग्नी’ पेटवायचा प्रयोग मात्र वर्गात मुलांच्या हाती देऊ नका. पेट घ्यायला कधी काही सेकंद, कधी अर्धं मिनिट लागतं, आणि ‘लागलं नाही वाटतं’ म्हणून मूल वाकून बघतं तेव्हाच भडका उडतो.

---

दाखलनोंद

सगळ्यांचे आभार. टिपण जवळजवळ तयार झालं. एक शेंडा राहिला: स्नेहसंमेलनात ‘अलबत्या गलबत्या’ बसवायचं घाटतंय. चिंची चेटकीण आहे म्हणून तोही अर्ज येणारच. नाटकाला वेगळा नियम आहे का?

---

कलमदान

धर्माच्या बाजूने नियम तोच. चेटकिणीची भूमिका करणं म्हणजे उपासना नव्हे. कॅलिफोर्नियातल्या वुडलंडच्या खटल्यात (१९९४) हाच मुद्दा होता. एका वाचनमालेच्या सुमारे १०,००० वेच्यांपैकी ३२ वेच्यांवर पालकांची हरकत होती, आणि त्यांत मुलांनी चेटकिणींची नक्कल करण्याचे उपक्रमही होते. न्यायालयाने ते धर्माचरण मानलं नाही. तरी एखाद्या घराला मुलाने ती भूमिका करायला नको असेल तर त्याला प्रकाशयोजनेवर किंवा नेपथ्यावर घ्या, भांडण कशाला?

तुमची खरी अडचण स्वामित्वहक्काची होऊ शकते. नाटक रत्नाकर मतकरींचं. त्यांचं निधन २०२० चं, आणि हक्क लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो. कायद्याच्या कलम ५२(१)(जे) मध्ये शाळेच्या उपक्रमात विद्यार्थी-शिक्षकांनी केलेल्या प्रयोगाला सूट आहे, पण प्रेक्षक फक्त शिक्षक, विद्यार्थी, पालक आणि शाळेच्या उपक्रमांशी संबंधित मंडळी असतील तरच. तिकीट लावून बाहेरच्यांना बोलावलंत किंवा प्रयोगाचं चित्रीकरण यूट्यूबवर टाकलंत की सूट गेली, लेखी परवानगी लागेल. चित्रीकरण करणाऱ्या पालकांना निमंत्रणपत्रिकेवरच ही सूचना छापा, त्या दिवशी माइकवरून सांगून कुणी ऐकत नाही.